उसनवारीच्या कथा आणि धास्तावलेले भांडवल

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून रविवारी संध्याकाळी सहकुटुंब चित्रपटाला जाणे, ही अनेक व्यापारी घरांतील जुनी रीत. आठवडाभर दुकान, वसुली आणि हिशेब यांत गुंतलेल्या माणसांना तेवढेच तीन तास एका रांगेत, एकमेकांशेजारी बसायला मिळतात. अलीकडे मात्र तिकिटे काढण्याच्या वेळीच अडते. नातू मोबाइलवरून मान वर करून सांगतो, "आजोबा, हा मी पाहिलाय. मूळचा तेलुगू आहे, हिंदीत डब केलेला फोनवर मिळतो." आजोबा जाहिरातीतील चार ओळी वाचतात आणि म्हणतात, "अरे, ही गोष्ट तर आम्ही तुझ्या वयाचे असताना पाहिली होती." एकाच पडद्यावर दोन पिढ्यांना दोन निरनिराळ्या जुन्या गोष्टी दिसतात, नवी कोणालाच दिसत नाही. पाच-सहा तिकिटे आणि वर खाण्यापिण्याचा खर्च मनातल्या मनात मांडून सून विचारते, "मग पाहायचा तरी कशाला?"

हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी व्यापार आहे. ग्राहकाने जुना माल ओळखला आहे आणि दुकानदार तोच माल नव्या वेष्टनात, नव्या भावाने विकू पाहत आहे. असे का होते, हे समजून घ्यायचे तर पडद्याकडे पाहण्याआधी त्यामागची खतावणी उघडावी लागते.

उसनवारी आजची नाही

पूर्वीचे सगळे अस्सल आणि आजचे सगळे नकली, असे म्हणणे सोपे आहे. पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मराठी घराघरांत ज्याचे संवाद तोंडपाठ आहेत तो 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मुळात हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या चित्रपटावर आधारलेला आहे, आणि त्याचेही मूळ 'जय मा काली बोर्डिंग' (१९५५) या बंगाली चित्रपटात आहे. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'चे (१९७२) बीज 'द ब्ल्यू एंजल' या १९३० सालच्या जर्मन चित्रपटातले. राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' (१९५६) हा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) या अमेरिकी चित्रपटावरून आला आणि तीच कथा १९९१ मध्ये 'दिल है कि मानता नहीं' या नावाने पुन्हा अवतरली. मेहबूब खान यांनी तर स्वतःच्याच 'औरत' (१९४०) या चित्रपटाची कथा १९५७ मध्ये 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा सांगितली, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी ठरली.

मग या चित्रपटांना कोणी शिळे का म्हणत नाही? 'बनवाबनवी'त वसंत सबनीसांच्या लेखणीने भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणाऱ्या चार तरुणांची पुण्यातील तारांबळ उभी केली. घरमालकाची भीती, खिशातील चणचण, मित्रांमधील चेष्टा हे सारे इथल्या मातीतले होते. 'पिंजरा'तील जर्मन प्राध्यापक गावातील आदर्श गुरुजी झाला, रात्रीच्या क्लबातील गायिका तमाशाच्या फडात आली, आणि शंकर पाटलांच्या संवादांनी व जगदीश खेबुडकरांच्या गीतांनी त्या कथेला मराठी कूस दिली. कथा उसनी होती. पण उसने आणलेले बियाणे इथल्या रानात पेरले गेले, इथल्या पावसावर वाढले आणि आलेले पीक इथलेच होते.

आणखी एक गोष्ट होती. कोल्हापूरच्या किंवा जळगावच्या प्रेक्षकाला तो जर्मन चित्रपट पाहायला मिळण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे निर्माता एका अर्थाने आयातदाराचे काम करीत होता. जो माल या बाजारात उपलब्धच नाही, तो आणून, इथल्या गरजेनुसार घडवून विकणे यात व्यापाराचा धर्म मोडत नाही.

पुनर्कथन आणि नक्कल

जुनी कथा पुन्हा सांगणे म्हणजे मौलिकतेचा अभाव, हे समीकरण भारतीय परंपरेने कधीच मानलेले नाही. रामकथा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. विमलसूरींचे 'पउमचरिय' महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, रचलेले आहे. कथा सर्वांना ठाऊक असलेलीच. परंतु त्यात रावण हा दहा तोंडांचा राक्षस नाही, तो विद्याधर वंशातील पराक्रमी राजा आहे. त्याच्या गळ्यातील रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसत, म्हणून तो दशमुख म्हणवला गेला. शेवटी त्याचा वध रामाच्या हातून होत नाही, लक्ष्मणाच्या हातून होतो. पुढे संस्कृतात रविषेणांनी, अपभ्रंशात स्वयंभूंनी आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ती कथा आपापल्या परीने मांडली.

या सर्वांनी कथा उसनी घेतली होती. तरीही त्यांना नक्कलकार म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. प्रत्येकाने जुन्या कथेला स्वतःचा एक प्रश्न विचारला होता. हिंसा कोणी करावी, शत्रूकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, चमत्कारावर किती विश्वास ठेवावा? प्रश्न नवा असेल तर जुन्या कथेतूनही नवे उत्तर निघते. प्रश्नच नसेल, तर नवे कपडे, नवी गाणी आणि परदेशी स्थळे यांनी काहीही नवे होत नाही. पुनर्कथन आणि नक्कल यांच्यातील भेद ओळखण्याची कसोटी एवढीच आहे.

ही कसोटी एकाच चित्रपटसंस्थेच्या दोन चित्रपटांना लावून पाहता येते. ताराचंद बडजात्या यांनी १९४७ मध्ये वितरणाचा व्यवसाय म्हणून उभारलेल्या राजश्री या संस्थेने १९८२ मध्ये 'नदिया के पार' हा ग्रामीण जीवनावरील साधा चित्रपट काढला. केशवप्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या कादंबरीचा त्याला आधार होता. बारा वर्षांनी सूरज बडजात्या यांनी तीच कथा 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये सांगितली, तेव्हा ती खेड्यातून शहरातील उद्योजक घराण्यात आली. त्या काळी व्हिडिओ कॅसेट आणि केबलमुळे कुटुंबे चित्रपटगृहांपासून दुरावली होती. एकत्र कुटुंबाचे सण-समारंभ हाच चित्रपटाचा विषय करता येईल का, हा त्यामागील प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तिकीटखिडकीवरील रांगांनी दिले. त्याच संस्थेने, त्याच दिग्दर्शकाकडून, स्वतःच्याच 'चितचोर' (१९७६) या नितांतसुंदर चित्रपटाची कथा २००३ मध्ये 'मैं प्रेम की दीवानी हूँ' या नावाने पुन्हा काढली. या वेळी मोठे कलाकार होते, खर्च होता, झगमगाट होता. पण जुन्या कथेला विचारायला नवा प्रश्न नव्हता. प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

कथेला तारण मिळत नाही

असे असूनही निर्माता पुन्हा पुन्हा जुन्या कथेकडे का वळतो? लेखकांची प्रतिभा आटली, असे त्याचे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. प्रतिभेवर पैसा लावायला कोण तयार आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

हिंदी चित्रपटांचा व्यापार अनेक दशके टेरिटरींच्या पद्धतीवर चालला. मुंबई, दिल्ली-उत्तर प्रदेश, निजाम, सीपी-बेरार, सेंट्रल इंडिया, राजस्थान अशी देशाची वाटणी होती, आणि भुसावळ, अमरावती, इंदूर, जयपूर येथील वितरक आपापल्या विभागाचे हक्क विकत घेत. यांत मारवाडी, गुजराती, सिंधी, जैन अशी अनेक व्यापारी घराणी होती. 'मिनिमम गॅरंटी' या पद्धतीत वितरक ठरावीक रक्कम निर्मात्याला आगाऊ देई. खर्च आणि कमिशन वसूल झाल्यावर जे वर उरेल, ते 'ओव्हरफ्लो' म्हणून दोघांत वाटले जाई. चित्रपट पडला तर खड्डा वितरकाच्या खिशाला पडत असे. साहजिकच उचल देण्याआधी तो दोन प्रश्न विचारी: नट कोण, आणि संगीत कोणाचे? कथा काय, हा प्रश्न शेवटी येई, कारण कथेवर पैसे सुटतील याची हमी कोणी देऊ शकत नव्हते.

सावकाराचीही तीच स्थिती. तो निगेटिव्हवर बोजा चढवी. लॅबोरेटरीकडून पत्र घेई, की आपले पैसे चुकते झाल्याशिवाय प्रिंट बाहेर सोडू नयेत. निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू होती. लेखकाच्या डोक्यातील कल्पनेवर बोजा कसा चढवणार? बँकांची दारे तर बराच काळ बंदच होती. १९५१ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने अर्थसाह्यासाठी स्वतंत्र संस्थेची शिफारस केली, १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, आणि मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'सारखा (१९६९) वेगळा चित्रपट त्याच्या पैशातून उभा राहिला. परंतु मुख्य प्रवाह खासगी सावकारीवरच राहिला. केंद्र सरकारने चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली ती १९९८ मध्ये, आणि संस्थात्मक कर्जाचा मार्ग त्यानंतर मोकळा झाला.

कंपन्या आल्या, स्टुडिओ आले, करारपत्रे आली. मात्र तारणाचा मूळ प्रश्न सुटला नाही. कर्ज मंजूर करणारा माणूस कोणत्याही क्षेत्रातला असो, तो पूर्वीचा व्यवहार पाहतो. दुसऱ्या भाषेत चाललेला चित्रपट म्हणजे तयार पतदाखला. मूळ चित्रपटाने अमुक इतका धंदा केला, हे कागदावर दाखवता येते. नव्या कथेसाठी दाखवायला कागद नसतो. शिवाय आयती पटकथा मिळाल्याने लेखनाचा काळ आणि खर्च दोन्ही वाचतात. खर्चाच्या तक्त्यात नटाच्या मानधनापुढे लेखकाची रक्कम बहुधा तळाला असते, आणि काटछाट करायची वेळ आली की कात्री तिथूनच सुरू होते. वर्ष-दीड वर्ष घर चालवून एखादी नवी पटकथा लिहिण्याइतके पैसे लेखकाच्या हाती पडले नाहीत, तर तोही दुसऱ्याच्या पटकथेचे भाषांतर करून देण्याचे काम स्वीकारतो. त्याला दोष कसा द्यावा?

कायद्यानेही रेघ जिथे आखली आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ सालच्या खटल्यात 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलल्याची तक्रार केली होती. दोन्हींचा विषय प्रांतवाद हाच होता. सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगितले, की निव्वळ कल्पनेवर किंवा विषयावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. तत्त्व योग्यच आहे, कारण कल्पनेला कुलूप लावले तर साहित्यच थांबेल. पण त्या मोकळ्या जागेचा आडोसा घेऊन वर्षानुवर्षे परदेशी चित्रपट नाव न सांगता उचलले गेले. पुढे परदेशी स्टुडिओंनीच भारतात व्यवसाय मांडला आणि रीतसर हक्क विकत घेण्याची पद्धत वाढली. व्यवहार स्वच्छ झाला, ही चांगली गोष्ट. मात्र विकत घेतलेली नक्कल ही शेवटी नक्कलच राहते.

तारणाचा भाव उतरला

रीमेक हे सुरक्षित तारण आहे, हा समज गेल्या काही वर्षांत डळमळला आहे. मूळ माल ग्राहकाच्या हाती नसेल तरच आयातदाराला किंमत असते. दूरचित्रवाणीवरील डब चित्रपट आणि मोबाइलवरील उपशीर्षके यांनी ती अटच मोडीत काढली.

२०२२ हे वर्ष त्या दृष्टीने डोळे उघडणारे ठरले. त्या वर्षी 'आरआरआर' आणि 'केजीएफ'चा दुसरा भाग हे दक्षिणेतील चित्रपट हिंदीत डब होऊन उत्तर भारतात तुफान चालले. त्याच वर्षी तेलुगूवरून घेतलेला 'जर्सी', तमिळवरून घेतलेला 'विक्रम वेधा' आणि 'फॉरेस्ट गंप'वरून रीतसर हक्क घेऊन केलेला 'लाल सिंग चढ्ढा' हे मोठ्या नटांचे चित्रपट तिकीटबारीवर अपेक्षा पूर्ण करू शकले नाहीत. पुढच्या वर्षी 'शहजादा' आला, तेव्हा त्याच्या मूळ तेलुगू चित्रपटाची हिंदी डब आवृत्ती दूरचित्रवाणीवर आधीच दाखवली गेली होती. फुकट पाहिलेली वस्तू ग्राहकाने पैसे देऊन पुन्हा का घ्यावी?

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो सोडून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जितू जोसेफ यांचा मल्याळम 'दृश्यम' (२०१३) कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी अशा अनेक भाषांत गेला. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तो हिंदीत आणताना गोव्यात रुजवला. २०२२ च्या अखेरीस आलेला हिंदी 'दृश्यम २'सुद्धा भरपूर चालला, जरी मूळ मल्याळम दुसरा भाग आधीच्या वर्षीच मोबाइलवर आलेला होता. गोव्यातील ते कुटुंब सात वर्षांत हिंदी प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले होते, आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहायला लोक गेले. चिनी आवृत्तीने तर शेवटच बदलला. तिथला बाप अखेरीस गुन्ह्याची कबुली देतो. एकच कथा, पण अपराध आणि शिक्षा यांच्याविषयी त्या समाजाचा प्रश्न वेगळा होता.

या कथेचा नायक स्वतः केबलचा धंदा करणारा, फारसे न शिकलेला माणूस आहे. पोलिसांना चकवण्याच्या साऱ्या युक्त्या तो पाहिलेल्या चित्रपटांतून शिकतो. त्याचे ज्ञान सगळे उसने. परंतु ज्या संकटासाठी तो ते वापरतो, ते संकट त्याच्या स्वतःच्या घरातले असते. मौलिकतेची याहून सोपी व्याख्या सापडणे कठीण.

याउलट 'सैराट'चे काय झाले ते पाहावे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला. करमाळ्याच्या परिसरातील रान, विहिरी, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा पारधी समाजातील मुलगा. कलाकार नवखे, भाषा अस्सल सोलापुरी. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा गाठल्याच्या बातम्या त्याच्या निमित्ताने प्रथमच वाचायला मिळाल्या. दोन वर्षांनी त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला, तो उदयपूरच्या महालांच्या पार्श्वभूमीवर. चित्रपटाने पैसे मिळवले. पण मूळ कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न इतका सौम्य झाला, की अखेरचा आघात का झाला हेच पुरते उमगेना. गाणी आली, चाली आल्या, शेवटही आला. ज्या गावाने ती गोष्ट घडवली, ते गाव मागेच राहिले.

दीर्घ मुदतीची ठेव

नवी कथा काढणे म्हणजे तोट्याला आमंत्रण, हा दुसरा समज. ताळेबंद एका वर्षाचा मांडला तर तो खरा वाटतो. दीर्घ मुदतीचा मांडला तर चित्र बदलते.

'तुंबाड' हे अलीकडचे उदाहरण. कोकणातील पावसात बुडालेले एक गाव, एक पडका वाडा आणि सोन्याच्या मोहरांचा हव्यास यांची ही कथा. राही अनिल बर्वे यांनी २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू केलेला हा चित्रपट प्रदर्शित झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मोठा नट नाही, ठरावीक गाणी-नाच नाहीत, कोणत्याही भाषेत आधी चाललेला पुरावा नाही. पहिल्या प्रदर्शनात कमाई बेताचीच झाली. परंतु पाहणाऱ्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला, तेव्हा त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. लोभाने बुद्धी कशी नासते हे सांगणाऱ्या चित्रपटाला संयमाचे व्याज मिळावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा शांतारामांचा चित्रपटही असाच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने कैद्यांची खुली वसाहत चालवली होती. ग. दि. माडगूळकरांनी त्या प्रयोगावरून कथा रचली. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा एक जेलर, एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. नवी कथा शोधायला साता समुद्रापार जावे लागले नाही. ती माणदेशातच होती.

पैसा उभा करण्याच्या बाबतीत 'मंथन'ने (१९७६) घालून दिलेला धडा व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. श्याम बेनेगल यांच्या या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. जोखीम एका सावकाराच्या डोक्यावर न ठेवता पाच लाख खांद्यांवर वाटली गेली. दोन रुपये बुडाले तरी कोणाचे घर बसणार नव्हते. शिवाय निर्माते होते तेच पहिले प्रेक्षकही झाले, आणि शेतकरी आपलाच चित्रपट पाहायला गावोगावहून निघाले. जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२४ मध्ये, त्या चित्रपटाची डागडुजी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

आणि साऱ्याच्या आरंभी दादासाहेब फाळके आहेत. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना कल्पना सुचली, म्हणजे ठिणगी तीही बाहेरचीच. पण त्यांनी ख्रिस्ताची नक्कल केली नाही. आपल्या देवदिकांना आणि पुराणपुरुषांना पडद्यावर कसे आणता येईल, हा प्रश्न घेतला. विमा पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि भांडवलदाराला विश्वास वाटावा म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा एक छोटा चित्रपट आधी करून दाखवला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. कथेला तारण नव्हते, म्हणून त्या घराने स्वतःलाच तारण ठेवले. आज ज्या व्यवसायात कोट्यवधींची उलाढाल होते, त्याचे मुद्दल हे असे उभे राहिलेले आहे.

पडद्यावरचा सावकार

या साऱ्याशी व्यापारी कुटुंबांचा संबंध केवळ तिकिटापुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. 'औरत'मधील सुखीलाला हा सावकार कन्हैयालाल यांनी साकारला होता. सतरा वर्षांनी 'मदर इंडिया'त तोच सुखीलाला, तेच कन्हैयालाल. अभिनय अप्रतिमच, पण त्यानंतर हिंदी पडद्यावरील लाला, सेठ, मुनीम हे बहुधा त्याच साच्यातून निघत राहिले. चोपडीत खोटे आकडे लिहिणारा, अडलेल्या बाईवर नजर ठेवणारा, तराजूत काटा मारणारा. असे लोक नव्हते किंवा नाहीत असे नव्हे. परंतु उधारीची वही दुष्काळात न उघडणारा दुकानदारही होता. बाजारपेठेत दिलेल्या शब्दापायी घर विकणाराही होता. आज गल्ल्यावर बसायला तयार नसलेला मुलगा, ऑनलाइन बाजाराने ओस पडलेले दुकान, हिस्सेवाटणीने दुभंगलेले भाऊ, कर्जाच्या हप्त्यापायी रात्र जागणारा बाप हे सारे या घरांत घडत आहे. त्यावर कथा लिहायची तर कोणाला तरी त्या दुकानात जाऊन चार महिने बसावे लागेल. आयत्या साच्यात ओतलेल्या सेठजीसाठी तेवढे कष्ट कोणी घेत नाही.

मौलिक कथा आटल्याने होणारे खरे नुकसान हे आहे. जो समाज स्वतःची गोष्ट सांगवून घेत नाही, त्याला इतरांनी दिलेल्या मुखवट्यातच पिढ्यान् पिढ्या वावरावे लागते. मुले पडद्यावर जे पाहतात, त्यावरून आपल्या आजोबांच्या व्यवसायाविषयी मत बनवतात.

आणि व्यापाराच्या भाषेतच बोलायचे, तर हिंदीतील मुख्य प्रवाह सध्या मुद्दल खाऊन ते व्याज म्हणून दाखवत आहे. मल्याळम, तमिळ, मराठी अशा लहान-मोठ्या भाषांतील निर्माते नव्या कथेची जोखीम उचलतात, आणि यशस्वी ठरलेली कथा मोठा बाजार उचलतो. त्या लहान भाषांतील चित्रपटांनाच पडदे मिळाले नाहीत तर उद्या उसने तरी कोठून आणणार? महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला आग्रह धरावा लागला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

उपाय फार मोठा नाही, पण तो ग्राहकाच्या हाती आहे. चित्रपटाचे भवितव्य पहिल्या तीन-चार दिवसांत ठरते. सोमवारचा गल्ला पाहून पडदे कमी केले जातात. नवी कथा घेऊन आलेल्या लहान चित्रपटाला त्या पहिल्या आठवड्यात मिळालेले तिकीट हे नंतर फोनवर पाहून केलेल्या कौतुकापेक्षा मोलाचे असते. ज्या घरांकडे गुंतवायला पैसा आहे, त्यांनी 'मंथन'चे गणित आठवावे: एकाने सर्वस्व लावण्याऐवजी अनेकांनी झेपेल तेवढे लावावे, आणि हिशेब मागताना नटाच्या आधी लेखकाचे मानधन विचारावे. निधान एकाएकी हाती लागत नाही. विहीर खणावी लागते, आणि काही विहिरींना पाणी लागत नाही, हेही गृहीत धरावे लागते.

पुढच्या रविवारी सुनेने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर देण्याआधी नातवाला एवढेच विचारावे: ज्याचा शेवट तुला माहीत नाही, असा कोणता चित्रपट या आठवड्यात लागला आहे? तो कदाचित दुपारच्या आडवेळी असेल, चित्रपटगृहही घरापासून दूर असेल. तरी जेवणे लवकर आटोपून सगळ्यांनी तिकडेच निघावे. चित्रपट फसला तर तोटा एका संध्याकाळचा. आणि जमला, तर परतीच्या वाटेवर आजोबा आणि नातू यांना बऱ्याच दिवसांनी एकाच नव्या गोष्टीवर बोलता येईल.